उलटा दिवा

पप्पा शिरवण्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. जलविद्युतच्या मॉडेलमध्ये ते छोटा एलईडी दिवा मुद्दाम उलटा जोडत. पाण्याने चमच्यांचं चाक फिरे, पण दिवा लागत नसे. वायरी बदलायच्या किंवा चाक उलटं फिरवायचं, हे मुलांनी शोधायचं.

शेवटचं मॉडेल त्यांनी गेल्या महिन्यात केलं. पप्पा वारल्यावर शाळेने ते मागितलं; उद्या पोचवायचं होतं.

“वायरी सरळ कर गं दीक्षा,” आई म्हणाली. “उद्या सर नसणार. पोरांना सांगणार कोण?”

“वायरींचा पीळ पप्पांच्या हातचा आहे, आई.”

“तेही असेच हट्टी होते.”

दुपारी मी मॉडेल मोरीत ठेवून चाकावर तांब्याभर पाणी ओतलं. चाक गरगरलं, दिवा लागला नाही. मी वायरीचा पीळ चिमटीत धरला, पण तो सोडवेना.

पाणी संपलं. चाक थांबलं.

मी हात मागे घेतला.

नळ बंद होता, तांब्या रिकामा होता. चाक उलटं फिरू लागलं. मागच्या बाकावरच्या मुलालाही एकेक चमचा दिसावा इतकं सावकाश.

दिवा लागला.