तांदळाएवढा दात

"सर, सहा वर्षं तोच लाल थर खणतेय. दुसरा दात का सापडत नाही?" माझी विद्यार्थिनी शाल्मली म्हणाली.

टेबलावरच्या काडेपेटीत, कापसावर, तांदळाएवढा तो दात होता. डायनासोर नुकते अवतरले त्या ट्रायासिक काळातला हा थर. म्हणून दातही तेवढाच जुना, आद्य सस्तन प्राण्याचा. त्यानेच माझं नाव झालं.

पण मला तो थरात सापडलाच नव्हता. खालच्या ओढ्याच्या वाळूत सुटा मिळाला होता. कुठून वाहत आला, देव जाणे. दातासोबतच्या चिठ्ठीवर, सापडल्याची जागा म्हणून, मात्र मी 'लाल थर' लिहिलं.

आज सांगायचंच, म्हणून तोंड उघडलं.

"तुम्ही स्वतः थरातून काढलाय म्हणजे आणखी असणारच," तीच म्हणाली. "अजून दोन वर्षं खणते."

मी काडेपेटी बंद केली.

"थोडं उत्तरेला खणून बघ," म्हणालो.