इहिणींचं ताट

पहिला घास विमलताईंनी प्रभावतीच्या तोंडात कोंबला. कोंबलाच म्हणायचं, एवढा मोठा. पुरीत आलूवांग्याची भाजी आणि वरून बुंदी. मुलीची आई आणि मुलाची आई, अशा दोघी इहिणींनी एका ताटात जेवायचं, एकमेकींना पाच-पाच घास भरवायचे, मग लग्न पक्कं झालं असं धरायचं, ही त्या घरांतली जुनी रीत. बोरी अरब गावात प्रभावतीच्या ओसरीवर दोन्हीकडची पंधरा माणसं जेवायला बसली होती. जिचं लग्न ठरत होतं ती प्रियंका, प्रभावतीची लेक, होणाऱ्या नणंदेशेजारी होती. अंगानं आईवर गेलेली, गुबगुबीत.

प्रभावती चावत बसली. एक घास पंचवीस वेळा चावा, असं नागपूरच्या डॉक्टरनं बजावलं होतं. पाच महिन्यांपूर्वी त्यानं तिचं पोट कापून केळ्याएवढं ठेवलं होतं. तेव्हा साखर चारशेवर, गुडघे कामातून गेलेले आणि वजन एकशे अठरा. आता ते ब्याऐंशीवर आलं, साखर उतरली, खोटं कशाला बोला! पण केस मुठीमुठीनं गेले, गालाची कातडी लोंबली, भर उन्हात थंडी वाजायची. दोन घासांवर तिसरा गेला की छातीत दगड अडकायचा. वर जेवताना पाणी प्यायचं नाही. जेवणाच्या वेळेचाच कंटाळा आला होता बाईला.

गावात मात्र हे कुणालाच माहीत नव्हतं. नवरा नागोराव म्हणाला होता, "खाऊन खाऊन फुगली आन् मंग पोट कापून आणलं, असं म्हणतीन लोकं. खड्याचं ऑपरेशन झालं सांगू." तेच सांगितलं. काय ते शहाणपण! खडा काढून कुणी असं वाळत नाही, एवढं गावालाही कळतं.

"घ्या जी, तिसरा घास."

"बस ना जी आता. नाही जात मले."

"असं कसं बस? पोरीचं पक्कं करायचं हाये का नाही?" विमलताई हसत म्हणाल्या आणि सगळे हसले.

प्रभावतीनं तोंड उघडलं. सगळे बघत होते म्हणून घाईनं गिळलं. लगेच कळलं, चुकलं. ती उठली, न्हाणीपर्यंत कशीबशी पोचली, आणि मग जे व्हायचं ते झालं. नुसता फेस. आवाज ओसरीपर्यंत गेला.

पदरानं तोंड पुसत ती परत आली, तर कुणी जेवत नव्हतं. मुलाच्या बापानं, इंद्रजितनं, ताट पुढे सारून दिलं होतं.

"इवाई," तो आपल्या व्याह्याला, नागोरावला म्हणाला, "आमाले आमच्या गावी, कळंबलेच कोणीतरी सांगतलं होतं. म्या म्हटलं, लोकं बोलतेच. आता डोयानंच पाह्यलं. कॅन्सर हाये ना? आईले असला तं पोरीलेही होते म्हणते. आधी सांगाचं होतं तुमी."

"खडा... खड्याचं..." नागोराव चाचरला. प्रियंकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा तिला आवडला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रभावतीला राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात जीव लागतो. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"कॅन्सर नाही जी. वजनासाठी पोट लहान करून आणलं. लाजंनं खोटं सांगतलं. कपाटात फाइल हाये. जाय प्रियंका, आण."

फाइल आली. इंद्रजितनं चष्मा लावून पान न् पान वाचलं. विमलताई त्याच्या खांद्यावरून डोकावत होत्या. शेवटी त्यानं ताट परत जवळ ओढलं.

"मंग असं सांगाव ना बाप्पा! जीव घेतला होता तुमी!"

सगळे हसले. नागोराव सर्वांत मोठ्यानं हसला. लग्न वाचलं होतं.

विमलताई सरकून जवळ आल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "छत्तीस किलो? पाच महिन्यांत? भूक नाही लागत काय मंग?"

"भूक नाही लागत," प्रभावती म्हणाली. "याद येते."

विमलताईंनी ते ऐकलंच नाही. त्या प्रियंकाच्या दंडांकडे बघत होत्या, मग तिच्या ताटाकडे. "म्या म्हटलं, लग्नाले आठ महिने हायेत. आपल्या प्रियंकाचंही करून घेतलं तं? पोरगा काही बोलत नाही आमचा, पण फोटोत बरं दिसन. आन् डॉक्टर तं तुमच्या वळखीचाच झाला."

"हो ना! विचारून पाहू," नागोराव लगेच म्हणाला.

प्रियंकानं हातातली पुरी हळूच ताटात ठेवली.

प्रभावती भिंतीला धरून उठली. वाढणारीच्या हातातली परात तिनं घेतली. लेकीच्या ताटात दोन गरम पुऱ्या वाढल्या, भाजी वाढली, बुंदी वाढली. थोडी बुंदी खाली सांडली.

"जेव माय," ती म्हणाली. "तुह्यं पोट मी कोणालेच देत नाही."

"तसं नाही जी इहीणबाई, तुमी उगंच मनावर..."

"जेव."

प्रियंकानं बापाकडे पाहिलं, मग विमलताईंकडे. मग पुरी मोडली आणि पंधरा माणसांच्या देखत जेवायला लागली.