डॉक्टर सोमेश्वर

केजला कापडाचं दुकान असलेल्या गुरुपादअप्पांचा मुलगा सोमेश्वर पुण्याला शिकायला गेला आणि गर्दच्या नादी लागला. अप्पांनी त्याला तिथल्याच एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. गावातल्या एकानं त्यांना केंद्राच्या दारात पाहिलं, तेव्हा अप्पांनी ठोकून दिलं, "सोमेश्वर डॉक्टर हाय इथं." तेव्हापासून बाजारात अप्पांचा मान वाढला.

एका दुपारी खतवाले शहादेव घरी आले आणि रडायलाच लागले. "अप्पा, माझा पोरगा पुण्यात गर्द ओढायलाय. तुमच्या डॉक्टरला एक फोन करा. समोरच एसटीडी हाय, आत्ता चला."

अप्पा घुटमळले. "लई कामात असतो तो. आता न्हाई घावायचा."

"मंग पोरगं गेलंच म्हणायचं हातचं," म्हणत शहादेव उठले.

चहा घेऊन आलेल्या महानंदाबाई दारातच थांबल्या. नवरा डोळे वटारत होता, तरी त्या बोलल्या. "डॉक्टर न्हाई तो, भावजी. पेशंट होता तिथं. आमचा सोमेश्वरबी गर्दच ओढायचा. आता सुटलंय. छापखान्यात कामाला जातो, पोटभर जेवतो."

अप्पांनी मान खाली घातली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट केजभर होणार होती.

शहादेव मात्र परत खाली बसले. त्यांनी डोळे पुसले.

"सुटतं व्हय हे, वैनी?" त्यांनी विचारलं. "सुटलेला माणूस आजवर कुणी दाखवलाच न्हाई मला. अप्पा, डॉक्टर ऱ्हाऊ द्या. सोमेश्वरला फोन लावा."