झिजलेला कोपरा

व्हिडिओ गेमच्या मारामारीच्या स्पर्धेत सलग दोन वर्षं जिंकणारा मी अंतिम सामन्याची पहिली फेरी मिनिटभरात हरलो. पडद्यावरचा माझा गडी आडवा झाला की उठताना मी वाकून खालचा वार अडवतो. समोरची बाई दरवेळी वरूनच हाणत होती. कंट्रोलर दुरुस्त करणारी ती. तिला खेळताना कुणी पाहिलंही नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. "गेल्या महिन्यात तुमचा कंट्रोलर माझ्याकडे आला होता. त्याची अंगठ्यानं फिरवायची स्टिक खालच्याच कोपऱ्यात झिजली होती. बाकी नवीकोरी." दुसऱ्या फेरीत मी अंगठ्याला बजावलं, खाली जायचं नाही. पडलो, उठताना ताठ राहून वरचा वार अडवायला गेलो. तिनं खालून लाथ घातली. सामना संपला, तरी माझा अंगठा जागचा हलेना. वायर गुंडाळत ती म्हणाली, "अहो, तुम्ही सवय मोडावी म्हणूनच तर सांगितलं."