तार अर्धी

मास्तरांनी फळ्यावर लिहिलं: दोनशे तीस व्होल्ट, अर्धा अँपिअर. "भागा. रोध किती?"

"चारशे साठ ओहम," पहिल्या बाकावरून कॉइलवाली म्हणाली. वीस वर्षं ती शेगड्यांच्या आणि मोटारींच्या कॉइली भरत होती. वायरमनच्या परवान्यासाठी गणित मात्र आता, पन्नाशीत, शिकत होती.

"शाब्बास मावशी. आता गुणा. शक्ती किती?"

"एकशे पंधरा वॅट."

"याच हीटरची अर्धी तार काढून टाकली, तर?"

"ताप अर्धा." एवढं तर शेंबड्या पोरालाही कळेल, असं तिला वाटलं.

मास्तर हसले. "इथंच भले भले घसरतात. तार अर्धी झाली की अडवणारंही अर्धंच उरतं. रोध दोनशे तीस. करंट दुप्पट, एक अँपिअर. गुणा बघू."

तिने गुणलं. दोनशे तीस वॅट. पुन्हा गुणलं. तेवढेच आले. पेन्सिल हातातून गळली.

तासाभरापूर्वी, वर्गाला येताना, तिने आईची शेकायची विजेची गादी दुरुस्त करून वहिनीच्या हातात दिली होती. आत तारेचे बारा वळसे. सहा जळलेले. ते कापून तिने उरलेले सहा जोडले होते.

"नीट केलीय ना ताई? की घरचंच गिऱ्हाईक म्हणून उरकलीत?" वहिनीने नेहमीसारखं नाक मुरडलं होतं.

"विश्वास नसेल तर नवी आण. आता कमीच तापेल. दिवसभर राहू दे आईच्या पाठीखाली."

झटका आल्यापासून आईच्या अर्ध्या अंगाला काही कळत नव्हतं. वाचाही गेली होती. भाजलं तरी ती सांगणार कशी?

"मावशी, निघालात कुठे?"

ती जिना उतरत होती. फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलेना. ती धावत सुटली. वहाणेचा अंगठा तुटला, ती तिथंच टाकली. इस्त्रीच्या दुकानासमोर भाजल्या कापडाचा वास आला. ती आणखी जोरात धावली. साठ मिनिटं. दुप्पट ताप. डोक्यातलं गणित थांबत नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आई खाटेवर उताणी, डोळे मिटलेले. तिने धडपडत आईच्या पाठीखाली हात घातला.

नुसती चादर. गार.

आईने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"इकडे आहे मी," वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली. ती नळाखाली हात धरून उभी होती. गादी ओट्याजवळ जमिनीवर पडली होती, पिन काढलेली. "फोन कसा उचलू? कमी तापेल म्हणे! कोपरापर्यंत हात टेकून बसले, तर कातडं सोलून निघायची वेळ."

"तू... तू कशाला बसलीस?"

"आईंना सांगता येतं का? अंघोळीचं पाणी असू दे, नाही तर लेप असू दे, आधी मी माझ्या अंगाला लावून बघते. दीड वर्ष झालं. तुमची गादी काय आकाशातून पडली?"

कॉइलवालीने तिचा ओला हात आपल्या हातात घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत तारेचे लाल वळसे उठले होते. किती ते तिला ठाऊक होतं. तरी ती एकेकावर फुंकर घालत मोजत राहिली.