शनिवारचं लेसन

"शनिवारी पण येशील का गं, लेसन आंटी?" बिग मम्मीने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा रश्शासाठी एगुसीच्या बिया सोलायला घेतल्या.

बुकुन्मी नुकतीच दारातून आत आली होती. मोकोलाहून दोन शेअर टॅक्स्या बदलून, दुसरीत चौघींच्या मध्ये दाबून बसून. म्हातारीला गुडघे वाकवून नमस्कार केला तेव्हा गुडघे कटकन वाजले.

"शनिवारी?"

"लानरेच्या आईचं काम वाढलंय. परवा सांगावा आला, शनिवारीही या म्हणून. नाही म्हणायला तिला जमत नाही. मग ह्याच्याकडे कोण बघणार? मी? मला सात आणि आठ किती विचारलंस तर मी म्हणेन, एक टोपली."

टेबलाशी बसलेला नऊ वर्षांचा लानरे खुदकन हसला.

"हसतोय बघ. आईवर गेलाय. माझ्यासारख्या मोठ्या बहिणीची टिंगल करण्यात ती पहिल्यापासून हुशार."

बुकुन्मीने पर्स खुर्चीला अडकवली. सत्र सुरू झाल्यापासून पाच आठवडे ती या घरी लेसन घ्यायला येत होती. इबादानात शिकवणीला सगळे लेसनच म्हणतात. सकाळी शाळेत शिकवायचं आणि शाळा सुटली की तेच पुन्हा कुणाच्या तरी घरी. या पाच आठवड्यांत लानरेची आई तिला एकदाही भेटली नव्हती. बुकुन्मी येण्याआधी ती बाई घरातून गेलेली असायची आणि बुकुन्मी गेल्यावर परतायची. बुकुन्मीने नावही विचारलं नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी 'मम्मी लानरे'. आणि बुकुन्मी म्हणजे 'लेसन आंटी'. लेसन जमवून देणारे ओयेवोले साहेब नंबर देऊच देत नसत. "नंबर दिले की तुम्ही बायका परस्पर जमवून टाकता. मग मी काय वारा खाऊ?"

लानरेच्या शर्टाचं वरचं बटण आजही तुटलेलंच होतं. सोमवारीही तुटलेलं होतं. अशा गोष्टी बुकुन्मीच्या नजरेतून सुटत नसत. परक्याच्या घरात तर मुळीच नाही.

"त्या रोजच बाहेर असतात का?" तिने जरा जपून विचारलं.

"कमावत्या बाईने दारात बसून कसं भागेल?" बिग मम्मीने सालं फुंकून उडवली. "तू तरी कुठे स्वतःच्या घरी आहेस?"

बुकुन्मी खुर्ची ओढून लानरेशेजारी बसली. तिकडे मोकोलाच्या घरी तिची दहा वर्षांची मोरेनिके सासूबाईंच्या देखरेखीखाली अभ्यासाला बसली असेल. माध्यमिकच्या प्रवेश परीक्षेला सहा आठवडे उरलेले, आणि सराव परीक्षेत गणितात एक्केचाळीस. आईनेच शिकवून पाहिलं होतं. दोन दिवसांत वह्या फेकून झाल्या, दोघी रडून झाल्या. शिक्षकाच्या पोराला शेवटी दुसराच शिक्षक लागतो. म्हणून तिच्यासाठीही ओयेवोले साहेबांमार्फत बाई लावली होती, आणि एक्केचाळीस पाहिल्यावर सोमवारी बुकुन्मीने शनिवारसुद्धा मागून घेतला होता.

शनिवार म्हणजे खरं तर त्या दोघींचा दिवस. सकाळी मोरेनिके आईच्या गुडघ्यांमध्ये बसायची, बुकुन्मी तिच्या केसांच्या बारीक वेण्या घालायची आणि आठवडाभराचं सगळं तेव्हा बाहेर यायचं. कोण बोललं, कोण रुसलं, कोणाच्या डब्यात तळलेल्या केळ्यांचा डोडो होता. पण परीक्षा काही वेण्यांनी पास होत नाही. लेसनची बाई घरी आली की आपण तिथे बसून करायचं काय? त्यापेक्षा इथे आलेलं बरं. एक शनिवार विकून दुसरा विकत घ्यायचा.

"येते," ती म्हणाली. "दहा वाजता."

"देव तुझं भलं करो. जेवूनच जा. तुझ्याकडे पाहिलं की मलाच दमायला होतं."

लानरेने वही पुढे सरकवली. शाळेने पाच शब्द दिले होते. अर्थ लिहा आणि स्वतःच्या वाक्यात उपयोग करा. चार झाले होते. 'बाजार'चं वाक्य पुस्तकातून उचललेलं होतं, हे तिला लगेच कळलं, पण तिने ते सोडून दिलं. आज भांडायचं त्राण नव्हतं. एवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. बिग मम्मीने बसल्या जागेवरून खिडकीचा पडदा बाजूला सारून उजेड आत घेतला.

"पाचवा कुठला?"

"लेसन."

"मग सोपाय की. अर्थ सांग."

लानरेने विचार केला. "शाळा सुटल्यावरची शाळा."

बुकुन्मीला हसू आलं. दिवसभरातलं पहिलंच. "असंच लिही. आता वाक्य. पण पुस्तकातलं नको हं, तुझं स्वतःचं."

"खरं लिहू का, आंटी?"

"खरंच लिही."

तो वहीवर ओणवा झाला. जीभ दातांत धरून, हळूहळू लिहू लागला. ती मागे टेकली आणि क्षणभर डोळे मिटून घेतले. हे पोर बिचारं, तिच्या मनात आलं. एकदा त्याच्या आईला भेटून सांगायला हवं, बाई गं, काम काय, जन्मभर पुरेल. घरी बस जरा. दुसऱ्याच्या हाती पोर सोपवून कसली झोप लागते तुला?

"झालं," लानरे म्हणाला आणि त्याने वही तिच्याकडे फिरवली.

'लेसन: माझी मम्मी आता शनिवारीसुद्धा मोकोलाला मोरेनिकेचं लेसन घ्यायला जाणार आहे, कारण मोरेनिकेच्या मम्मीला तिच्यासाठी वेळ नसतो.'