सतरावा प्रश्न

"जिन्नानं ओढलं," कोहिनूरची सासू म्हणाली. "तसंच लिहा. वेळ दिवेलागणीची."

दिलाराने लिहिलं नाही. घरोघरी जाऊन बुडालेल्या लेकरांची माहिती गोळा करायचं काम ती सात वर्षं करत होती, आणि बांगलादेशातल्या बरिशालकडच्या या गावांतले जिन्न तिच्या चांगल्याच ओळखीचे झाले होते. ते नेमके दिवेलागणीलाच यायचे.

"खाला, तुली सापडली तेव्हा मशिदीत दुपारची बांग व्हायची होती, असं शेजारी सांगतात."

"शेजाऱ्यांचं काय जातंय सांगायला?" म्हातारीने अडकित्ता उचलला आणि सुपारी कातरू लागली.

तुलीची आई कोहिनूर विळीवर भोपळा चिरत होती. दीड वर्षाची लेक घरामागच्या तळ्यात बुडून अकरा दिवस झाले होते, पण चूल काही थांबत नाही. दिलारा आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

फॉर्मवर चोवीस प्रश्न होते. सतरावा होता, त्या वेळी आई कुठे होती? लेकरं कधी आणि कशी बुडतात हे कळल्याशिवाय काही करता येत नाही, हे दिलाराला पटत होतं. तरी हा प्रश्न विचारताना समोरच्या बाईच्या थोबाडीत मारल्यासारखं तिला दर वेळी वाटायचं. तिने आवाज खाली आणून तो विचारला.

"घरातच होती," सासूच पुन्हा बोलली. "हिच्या डोळ्यांदेखत ओढली पोरीला. जिन्नापुढे कोणाचं काय चालणार?"

"मी मासे साफ करत होते," कोहिनूर म्हणाली.

म्हातारीचा अडकित्ता थांबला.

"अम्मा सरपणाला गेल्या होत्या. तुली इथं दारात थाळी वाजवत बसली होती. मला आवाज येत होता. मग यायचा थांबला. मला वाटलं, झोपली असेल. मी हात धुतले. भाताची पेज काढली. आणि मग उठले."

"गप्प बस," सासू म्हणाली. मग ती दिलाराकडे वळली, आणि आता तिच्या आवाजात मघाची गुर्मी नव्हती. "आपा, हे लिहू नका. माझा तोफाज्जल चाटगावला लोखंडाच्या कारखान्यात आहे. मातीला आला, दोन दिवसांत परत गेला. रोज फोनवर एकच विचारतो, ती काय करत होती? मी त्याला जिन्न सांगितला. जिन्नाला कोणी जाब विचारत नाही. हे कळलं तर तो हिला माहेरी धाडील. नात गेली, आता सूनही घालवू?"

म्हातारी स्वतःची चूक झाकतेय, असं दिलारा इतका वेळ धरून चालली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"नाव कुठेच जात नाही, खाला. फक्त आकडे जातात."

"बाकीच्या बायका काय सांगतात?" कोहिनूरने विचारलं.

एका घरचं दुसऱ्या घरी बोलायचं नाही, असा कार्यालयाचा सक्त नियम होता. दिलाराने पेनाला टोपण लावलं.

"या भागात दोन वर्षांत बावीस लेकरं गेली. त्यातली एकोणीस सकाळी नऊ ते दुपारी एकच्या मध्ये. त्या एकोणीस घरांत आई कुठे चुलीपाशी होती, कुठे धुण्याला, कुठे गोठ्यात. म्हणून साहेब लोक म्हणतात, दर वाडीत एका बाईला पगार देऊन बसवू. नऊ ते एक तिनं सगळ्यांची लेकरं सांभाळायची, दुसरं काही करायचं नाही. वर कागद गेलाय. पण जिन्न लिहिला, तर तुली त्या मोजणीत येत नाही."

कोहिनूरचा हात विळीवरून खाली आला. "एकोणीस," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी एकटीच."

मग म्हातारीने पदराची गाठ सोडून फोन काढला, नंबर लावला आणि तो दिलारापुढे धरला.

"रात्रपाळी करून आला असेल. आईचा जिन्न काही त्याला पटत नाही. कागदावरचं पटेल. सांगा त्याला."

"खाला, मला परवानगी नाही. माझी नोकरी जाईल."

म्हातारीने हात मागे घेतला नाही. दिलाराने कोहिनूरकडे पाहिलं.

"सांगा, आपा," कोहिनूर म्हणाली. "मासे साफ करत होते, तेपण सांगा."

दिलाराने फोन कानाला लावला. आपण कोण ते सांगितलं. मग बावीस लेकरं, एकोणीस घरं, नऊ ते एक. शेवटी म्हणाली, "तुमची आई सरपणाला गेली होती. तुमची बायको मासे साफ करत होती. भात चुलीवर होता."

पलीकडे कोणीतरी बादलीने अंगावर पाणी ओतून घेत होतं, कोणीतरी साबण मागत होतं. दिलाराला वाटलं, तोफाज्जल फोन तसाच ठेवून निघून गेला. कोहिनूर तिच्या तोंडाकडे बघत होती.

"आपा," तो म्हणाला, "त्या एकोणीस घरांतले बाप कुठे होते?"

दिलाराने मांडीवरचा फॉर्म पाहिला, मग उलटून मागची बाजू पाहिली. सतराव्या प्रश्नाखाली अठरावा होता, तळं घरापासून किती पावलांवर आहे?